आवाज : चांगला

विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत 'मूल्यमापन करा' असा शेवट असलेला एक तरी प्रश्न असतोच. गेली वीस वर्षे मी हा प्रश्न शिकवते, काढते आणि तपासते. त्याची उत्तरे कशी लिहिली जातात हेही आता पाठ झाले आहे. आधी लेखकाचा परिचय, मग आशय, अभिव्यक्ती, भाषाशैली, आणि शेवटी 'अशा प्रकारे ही कादंबरी मराठी साहित्यातील मैलाचा दगड ठरते'. कादंबरी कोणतीही असो, मैलाचा दगड ठरलेला. पुष्कळदा त्या विद्यार्थ्याने कादंबरी वाचलेली नाही हे दुसऱ्या परिच्छेदातच कळते. सहकाऱ्यांना अशा वेळी चीड येते, मला येत नाही. त्याचे कारण माझ्या एका जुन्या वहीत आहे.

२००४ सालच्या डिसेंबरात मी एका वस्तूचे मूल्यमापन केले होते. ती साहित्यकृती नव्हती. संगणकात बसवायचे एक ग्राफिक्स कार्ड होते आणि त्या कार्डातच दूरचित्रवाणीचा ट्यूनर अंतर्भूत होता. वहीच्या दोन पानांवर आठ मुद्दे आहेत आणि प्रत्येक मुद्द्यापुढे नीटस अक्षरात शेरा आहे. सातवा मुद्दा असा : 'आवाज : चांगला.' त्या दोन शब्दांविषयी मला लिहायचे आहे.

मी नुकतीच मराठीत एम. ए. होऊन एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागले होते. नारायण पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पलंग, टीव्ही आणि खिडकीपाशी माझा संगणक. संगणक सुटे भाग आणून जुळवलेला : पेंटियम फोर, २५६ एमबी मेमरी, ४० जीबीची हार्ड डिस्क. त्या काळी मराठीच्या प्राध्यापिकेकडे संगणक असणे हीच जरा विक्षिप्तपणाची खूण मानली जाई, आणि मला त्या विक्षिप्तपणाचा अभिमान होता हे कबूल केले पाहिजे.

न्यू जर्सीत नोकरी करणारा माझा मामेभाऊ त्या नाताळच्या सुटीत आला, तेव्हा त्याने आपले वापरलेले एक कार्ड माझ्यासाठी आणले. "ताई, ह्याच्यात टीव्हीपण दिसतो. जुनं आहे, पण तुला चालेल." ते 'ऑल-इन-वंडर रेडिऑन' होते. कॅनडातल्या एटीआय या कंपनीने १९९६ पासून ऑल-इन-वंडर या नावाने अशी कार्डे काढली होती. हे २००० सालचे, ३२ एमबी स्मृतीचे, मदरबोर्डवरच्या एजीपी स्लॉटात बसणारे. एरवी संगणकावर टीव्ही पाहायचा तर पीसीआय स्लॉटात वेगळे ट्यूनर कार्ड घालावे लागे. इथे एकाच हिरव्या पट्टीवर पडद्याचे चित्र रेखाटणारी चिप होती आणि शेजारी पत्र्याची एक चकचकीत डबी. केबलची वायर त्या डबीला लावायची. आत आलेले चित्र टिपून हार्ड डिस्कवर साठवता येई, आणि ठरल्या वेळी आपोआप टिपण्याची आज्ञाही देता येई. मला कार्डाचे अप्रूप होते ते याच शेवटच्या गोष्टीसाठी.

कारण त्याच दिवाळीनंतर आमच्या भोर तालुक्यातल्या गावी एका वाहिनीची मंडळी येऊन गेली होती. जात्यावरच्या ओव्यांवर त्यांचा कार्यक्रम होणार होता आणि त्यासाठी त्यांनी माझ्या आजीला जात्यावर बसवून तिच्या ओव्या चित्रित केल्या होत्या. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. गावात गिरणी येऊन तीसेक वर्षे झाली होती. माळ्यावरचे जाते खाली काढून, धुऊन, शेणाने सारवलेल्या ओसरीवर मांडले गेले ते खास त्या दिवसासाठी. कार्यक्रम संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सकाळी दाखवला जाणार होता. आजीच्या ओव्या आम्ही कुणी कधी टिपून घेतल्या नव्हत्या. एम. ए.ला लोकसाहित्याचा पेपर मी दिला, साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये जमवलेल्या ओव्यांवर टिपण लिहिले, आणि घरच्या ओव्यांसाठी मात्र एक साधी कॅसेट लावली नाही. हे दुर्लक्ष त्या रविवारी भरून निघेल असे मला वाटत होते.

कार्डासाठी केबलची पिन, स्प्लिटर आणि आवाजाची एक वायर आणायला मी तपकीर गल्लीत गेले. अप्पा बळवंत चौकात पुस्तके घ्यायची आणि चार पावलांवरच्या तपकीर गल्लीत विजेचे सामान, हा पुण्यातल्या पुष्कळांचा नेहमीचा फेरा. दुकानदाराने कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "मॅडम, हे तिकडचं आहे. पाल आहे का?" माझी नजर आधी भिंतीकडे गेली. तो 'पॅल' या प्रसारणपद्धतीविषयी विचारत होता. मी संगणकावरच्या मासिकांत वाचून गेले होते, त्यामुळे रुबाबात सांगितले, "ड्रायव्हरमध्ये पॅल निवडता येतं." तो म्हणाला, "ड्रायव्हरमध्ये असेल हो. डबीत आहे का?" आणि मागच्या फळीवरचे एक साधे पीसीआय ट्यूनर कार्ड काढून समोर ठेवले. हा आपल्याला माल खपवतो आहे, असे मी मनात ठरवले, वायरचे पैसे दिले आणि बाहेर पडले.

त्या आठवड्यात मी मूल्यमापन केले. इंग्रजी संगणक-मासिकांत अशा वस्तूंची परीक्षणे कशी येत ते वाचकांपैकी काहींना आठवत असेल. एका सेकंदाला किती चित्रे रेखाटली जातात याचे आकडे, स्तंभालेख, किंमत, सोबत मिळणाऱ्या गोष्टी आणि अखेरीस दहापैकी गुण. साहित्याच्या परीक्षणातल्या शब्दबंबाळपणाला कंटाळलेल्या मला तो आकडेमोडीचा रोखठोकपणा फार आवडे. मीही तशीच वही आखली. बांधणी, स्थापनेची सोय, त्रिमितीय चित्रे, रंगांचा सच्चेपणा, टीव्हीचे चित्र, टिपण्याची गुणवत्ता, आवाज, एकूण मत.

मी तपासले नाही असे नाही. खेळ लावून पाहिला, हालचाल पूर्वीपेक्षा पुष्कळच सफाईची होती. रंग पाहिले. केबल जोडून वाहिन्या शोधल्या. स्प्लिटरमुळे काही वाहिन्यांवर मुंग्या येत होत्या, तेही नोंदवले. टीव्हीचे चित्र संगणकाच्या पडद्यावर का फाटल्यासारखे दिसते याचे कारण शोधून ते समासात लिहिले. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्राच्या ६२५ रेघा असतात, पण त्या एकदम पाठवल्या जात नाहीत. आधी विषम रेघा, मग सम रेघा, असे सेकंदाला पन्नास अर्धे भाग येतात. जुन्या टीव्हीच्या काचेवर ते एकमेकांत मिसळत. संगणक मात्र दोन्ही अर्धे एकत्र करून पूर्ण चित्र एकदम दाखवतो. मधल्या पन्नासाव्या भागात हात हलला असेल तर त्याच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. साठवण्याचे गणितही वहीत आहे. चित्र जसेच्या तसे साठवले तर तासाला सुमारे ७५ जीबी, म्हणजे माझ्या अख्ख्या डिस्कच्या जवळजवळ दुप्पट. एमपेग-२ पद्धतीने आवळले तर तासाला १.८ जीबी. हे सारे बरोबर आहे. आज पुन्हा पडताळून पाहिले तरी बरोबर आहे.

टीव्हीची तपासणी मात्र मी रात्री अकरानंतर केली, कारण दिवसा तास असत. आप्पा त्याच खोलीत झोपलेले. म्हणून स्पीकर बंद ठेवले होते, आणि घरात हेडफोन नव्हता. सातव्या मुद्द्यापाशी आले तेव्हा क्षणभर थांबल्याचे मला स्पष्ट आठवते. सकाळी पाहू, असे मनात आले. पण रकाना रिकामा राहिला तर पान अपुरे दिसते. मासिकातल्या परीक्षणात या कार्डाच्या आवाजाची वाखाणणी होती. वायर मी स्वतः लावली होती. मग आवाज येणारच. मी लिहिले, 'आवाज : चांगला.' आणि खाली एकूण मत : दहापैकी आठ.

रविवारच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे गावी निघालो, कार्यक्रम आजीबरोबर पाहायला. निघताना आप्पा कपाटावरच्या जुन्या व्हीसीआरकडे पाहून म्हणाले, "ह्याच्यावरपण लावून ठेव. असू दे." मी हसले. संगणकाला आज्ञा देऊन ठेवली होती : सकाळी साडेनऊ ते साडेदहा. व्हीसीआरचे चित्र किती धुरकट येते हे मी आप्पांना समजावून सांगितले. ते काही बोलले नाहीत.

गावात त्या दिवशी आमच्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. आजी खुर्चीवर न बसता नेहमीसारखी भिंतीला टेकून खाली बसली होती आणि स्वतःला पाहून पदर तोंडाला लावून हसत होती. गर्दी, पोरांचा कालवा, "आज्जी दिसली, आज्जी दिसली" हा घोष. त्या गडबडीत ओव्या कुणाच्याच कानांवर धड पडल्या नाहीत. मला त्याची चिंता नव्हती, पुण्यात सारे टिपले जात होते. सोमवारी रात्री घरी परतल्यावर मी फाइल उघडली. ती बरोबर एक तासाची होती. त्यात आजीची अकरा मिनिटे होती, चित्र स्वच्छ, रंग खरे. ओठ हलत होते, खुंटा फिरत होता. आणि सोबत पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त सूंऽऽ असा एकसुरी फुसफुसाट.

आप्पांनी तो ऐकला आणि एवढेच विचारले, "आवाज तपासला नव्हतास का?"

पुढचे दोन दिवस मी कारण शोधण्यात घालवले, आणि ते सापडले तेव्हा दुकानदाराचा प्रश्न त्यात शब्दशः होता. अमेरिकेत तेव्हा एनटीएससी पद्धत होती : ५२५ रेघा, सेकंदाला सुमारे तीस चित्रे. आपल्याकडे १९८२च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत प्रसारण आले ते जर्मनीत विकसित झालेल्या पॅल पद्धतीने : ६२५ रेघा, पंचवीस चित्रे. चित्राचा उलगडा करणारी चिप दोन्ही पद्धती जाणत होती, म्हणून ड्रायव्हरमध्ये भारत निवडताच चित्र अचूक येई. आवाजाचे तसे नव्हते. दूरचित्रवाणीच्या लहरींत चित्र आणि ध्वनी शेजारी शेजारी, ठरलेले अंतर राखून प्रवास करतात. अमेरिकेत हे अंतर ४.५ मेगाहर्ट्झ, आपल्याकडे ५.५. अमेरिकेसाठी घडवलेली ती पत्र्याची डबी ४.५वर कान लावून बसली होती. तिथे आमच्या केबलमध्ये ध्वनी नव्हता. एका मेगाहर्ट्झवर पलीकडे आजी गात होती, आणि ते ऐकणे हे त्या डबीचे कामच नव्हते. दोष कार्डाचा नव्हता. ज्या देशासाठी ते बनवले होते तिथे ते चोख ऐकत होते. चूक माझ्या वहीत होती.

वाहिनीकडे प्रत मिळते का ते विचारून पाहिले. हाती काही लागले नाही. आजीला पुन्हा जात्यावर बसवायचे असे आम्ही ठरवत राहिलो. त्या उन्हाळ्यात तिचा खुबा मोडला, नंतर तिची स्मृती गेली. २००७ साली ती वारली.

कार्डाची गोष्ट इथे संपत नाही, आणि मूल्यमापन करायचे तर तीही सांगितली पाहिजे. व्हीसीआरला स्वतःचा ट्यूनर असतो आणि तो अर्थातच पॅल पद्धतीचा होता. केबल व्हीसीआरला लावली, त्याचे चित्र आणि आवाज वेगवेगळ्या वायरींनी कार्डाच्या दुसऱ्या दाराने आत घेतले, आणि सारे उत्तम चालू लागले. पत्र्याच्या डबीची गरजच उरली नाही. ही जोडणी पुढची आठ वर्षे टिकली. तिच्यावर मी लेखकांच्या मुलाखती, कविसंमेलने, एकांकिका असे साठेक तासांचे चित्रण जमवले. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमातल्या कवींना बोलताना पाहिले ते त्यामुळेच. ज्या व्हीसीआरला मी हसले होते तो नसता तर यातले काही झाले नसते.

पुण्यात ३१ मार्च २०१३ ही केबलच्या डिजिटायझेशनची मुदत होती. त्यानंतर भिंतीतून येणारी वायर सेट टॉप बॉक्सशिवाय निरुपयोगी झाली. पुढे दूरदर्शननेही आपली अ‍ॅनालॉग प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने बंद केली. पेठांतल्या गच्च्यांवर सिंहगडाच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभे असलेले अँटेना त्याआधीच गंजून गेले होते. दोन कामे एकत्र करणाऱ्या कार्डांचा जमानाही संपला. एटीआय कंपनी २००६ मध्ये एएमडीने घेतली, आणि २००८ मधले 'ऑल-इन-वंडर एचडी' हे त्या मालिकेतले शेवटचे ठरले. यामागचे एक कारण रचनेतच होते. ग्राफिक्स दोन वर्षांत जुने होते, ट्यूनर दहा वर्षे चालू शकतो. दोघांना एका पट्टीवर बांधले की आधी म्हातारा होणारा दुसऱ्यालाही घेऊन जातो. माझ्या २००४च्या वहीत हा मुद्दा नाही. काळ हा मूल्यमापनाचा निकष आहे हे मी वर्गात शिकवत होते, तरी नाही.

त्या डबीचा विचार मात्र मी सोडू शकले नाही. ट्यूनरचे काम मुळात गाळण्याचे असते. वायरीतून शंभर वाहिन्या एकदम येत असतात. त्यातली एक निवडायची तर बाकीच्या नव्व्याण्णवांना कान बंद करावा लागतो. ट्यूनर जितका चांगला तितका तो अधिक काटेकोरपणे बहिरा. समीक्षेच्या पद्धतींविषयी आपण हेच म्हणू शकतो असे मला वाटते. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाकडे कान लावला की कवितेची घडण, तिच्यातले संवाद, विरोध आणि समतोल ऐकू येतात. समाजशास्त्रीय समीक्षेकडे लावला की त्याच कवितेतली जात, वर्ग, बाईचे श्रम ऐकू येतात. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) कलेची संकल्पना द्विध्रुवात्मक मानली, ती एकाच कानाने सारे ऐकू येत नाही हे ओळखूनच. कुठलीही पद्धत काय टिपते हे तिचे पुरस्कर्ते सांगतातच. ती काय गाळते हे आपणच तपासायचे असते. आणि गाळलेले सहसा रिकाम्या जागेसारखे दिसत नाही. ते एकसुरी फुसफुसाटासारखे भासते, ज्याला आपण सवयीने 'काही नाही' समजतो.

ओवीबाबत हे फार ठळकपणे दिसते. छापील संग्रहात ओवीचे शब्द येतात. तिचा गळा आणि जात्याची घरघर राहून जाते. पुण्यातून काम करणाऱ्या गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साह्याने, एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही करवून घेतले. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. त्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा मला कळले की एम. ए.ला मी जिच्यावर टिपण लिहिले होते ती ओवी नव्हतीच, ओवीची संहिता होती. दळणाऱ्या बाईचा श्वास कुठे तुटतो, घास घालताना ओळ कुठे लांबते, हे कागद सांगत नाही. आणि माझ्याकडे होते ते या सगळ्याच्या उलट : श्वास, घास, हात, ओठ, सारे काही, फक्त ओवी सोडून.

दोन वर्षांपूर्वी माझी थोरली आत्या चार दिवस राहायला आली होती. बोलता बोलता मी लॅपटॉपवर ती फाइल लावली. आत्याने चष्मा पुसला आणि पाहू लागली. खुंट्यावरचा आजीचा हात फिरताना त्याच्या कडेला ते फणीचे दात दिसत होते. मी ओशाळून म्हटले, "आत्या, आवाज नाहीये ह्याला." तिने हातानेच गप्प केले. मिनिटभराने ती आईच्या ओठांबरोबर पुटपुटू लागली. माहेरी असताना जात्याच्या पलीकडच्या बाजूला ती बसत असे. खुंट्यावर दोघींचे हात एकत्र. समोरचे ओठ पाहतच ती ओव्या शिकली होती.

अकरा मिनिटांत सात ओव्या आहेत. त्यांतल्या चार आत्याने ओळखल्या आणि म्हणून दाखवल्या. दोन तिला नीट लागल्या नाहीत. कॅमेरा बाजूला जातो आणि ओठ दिसत नाहीत. एकीपाशी ती अडली, मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितली आणि म्हणाली, "ही ती कधी म्हणायची नाही. त्या लोकांनी सांगितली असेल म्हणायला." मग थोड्या वेळाने, "तसाही टीव्हीवर आवाज कुठं नीट होता? मागं बासरी घातली होती त्यांनी. जातं ऐकूच येत नव्हतं."

ही बासरी मला आठवत नव्हती. गर्दीत मी ती ऐकलीच नव्हती. म्हणजे माझ्या डबीने गाळण्याआधी आणखी कुणीतरी गाळले होते. माझे कार्ड पॅलचे असते तर बासरीखाली दबलेल्या, एका परक्या ओवीसकटच्या, सात ओव्या माझ्याकडे असत्या, आणि त्या मी आजीचा आवाज म्हणून जन्मभर सांभाळल्या असत्या. यात समाधान शोधावे असे मात्र मला वाटत नाही. बासरीखाली का असेना, ते असते तर बरे झाले असते. आत्याच्या चार ओव्या मी त्या दुपारी फोनवर ध्वनिमुद्रित केल्या. त्याआधी एक मिनिट चाचणी घेतली आणि ती दोनदा ऐकली.

ती वही मी फेकली नाही. दहापैकी आठ हा आकडाही खोडला नाही. तो त्या वेळच्या माझ्या समजुतीचा पुरावा आहे. पण त्यानंतर कुणाचा प्रबंध तपासायला आला किंवा कुणी पुस्तकावर अभिप्राय मागितला की मी शेवटी एक ओळ लिहिते : यातील अमुक प्रकरणाची मूळ साधने मी पाहिलेली नाहीत. मार्गदर्शक मंडळींना ही ओळ आवडत नाही. एकदा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती काढायला सुचवले, अहवाल अपुरा दिसतो म्हणून. त्यांचे म्हणणे खरे आहे, तो अपुरा दिसतो.

या वर्षीच्या उत्तरपत्रिकांत एका मुलाने लिहिले होते, 'कादंबरीचा शेवटचा भाग माझा वाचून झालेला नाही, म्हणून एकूण मत देत नाही.' नियमानुसार त्याला त्या भागाचे गुण देता आले नाहीत. बाकीच्या उत्तराला पूर्ण दिले.